तोच, अजून एक

नागपूरकडच्या माणसाचं चाकूवाचून काही अडत नाही. संत्रं नखाने सुटतं. सीताफळ दोन अंगठ्यांनी उकलतं. उकडलेला शिंगाडा दातांनी सोलायचा. शेतावर कांदा बुक्कीने फोडायचा; झुणका-भाकरीबरोबर कोणी सुरीने चिरलेला कांदा पुढे ठेवला तर खाणारा बोलत काही नाही, पण वाढणारा पुण्याकडचा असावा असं मनात धरतो. नारळ दगडावर आपटायचा. सुपारीला अडकित्ता आहे. रामटेकच्या पानमळ्यांचं एके काळी लांबवर नाव होतं, पण पानाचा देठसुद्धा नखानेच तुटतो. आणि नखांचा विषय निघालाच आहे, तर रामटेकच्याच गडावर नरसिंह बसलेला आहे. हिरण्यकशिपूने वर मागताना सगळी शस्त्रं-अस्त्रं आधीच वगळून घेतली होती, म्हणून देवाने ते काम नखांवर भागवलं. असा देव ज्या डोंगरावर पंधराशे वर्षं बसला आहे, त्याच्या पायथ्याशी राहून चाकूंचा शौक करायचा म्हणजे जरा धाडसच.

आमचे भाऊजी तो करतात.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. मनसरच्या मॅंगनीज खाणीत नोकरी झाली, निवृत्तीनंतर रामटेकलाच घर बांधलं. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते दिवाळीपुरते. एवढा सरळमार्गी माणूस, आणि त्याला नाद लागला तो रानात, शेतावर, तळ्याकाठी न्यायच्या चाकूंचा. तोही दहा प्रकारचे जमवण्याचा नाही. दहा प्रकारचे जमवणारा माणूस निदान लोकांना समजतो. त्याला काचेचं कपाट करून देता येतं, पाहुण्यांना दाखवता येतो. भाऊजींना एकच चाकू आवडतो आणि ते तोच पुन्हा घेतात. आणि पुन्हा.

चाकू फ्रान्सचा आहे. ओपिनेल, आठ नंबर. फिकट पिवळ्या बीचच्या लाकडाची, मध्ये जराशी फुगीर आणि टोकाला किंचित वळलेली मूठ. त्यात मिटून बसणारं साडेआठ सेंटीमीटरचं पातं. आणि मुठीच्या गळ्याशी पोलादाची एक कडी. पातं उघडून ती कडी अंगठ्याने फिरवली की टक्‌ असा बारीक आवाज येतो आणि पातं जागच्या जागी अडकतं. भाऊजी हा आवाज काढत बसतात. टीव्हीवर बातम्या चालू असतात आणि इकडे टक्‌, टक्‌. पात्यावर छाप आहे: तीन बोटं वर केलेला हात आणि वर मुकुट. शेजारच्या एका आजीबाईंनी तो पाहून लगेच हात जोडले होते. आशीर्वादाचा हात आहे म्हणाल्या, कोणत्या देवाचा ते विचारलं नाही.

ह्या चाकूचं घराणं भाऊजी नागपूरच्या भोसल्यांच्या घराण्यासारखं सांगतात. आल्प्सच्या कुशीतल्या सावोय प्रांतात अवजारं घडवणाऱ्या लोहाराच्या घरी जोसेफ ओपिनेल नावाचा मुलगा होता. वयाच्या अठराव्या वर्षी, १८९० साली, त्याने शेतकऱ्याच्या खिशात मावेल असा हा चाकू केला. १८९७ साली त्याचे एक ते बारा असे नंबर पाडले. एक नंबर किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवण्याएवढा, बारा नंबर मोठा. गळ्याची कडी बऱ्याच नंतरची, १९५५ सालची. एक नंबर मात्र बंद झाला, फारच लहान म्हणून. आणि अकरा नंबरही बंद झाला, कारण दहा आणि बारा असताना मध्ये तो कशाला. हा शेवटचा तपशील भाऊजींनी ताईसमोर सांगायला नको होता.

"म्हणजे कंपनीले पण समजलं," ताई म्हणाली.

पण हे पुढचं झालं. ताईला मुळात पत्ता लागला तो खंडेनवमीला. घरातली हत्यारं-अवजारं पाटावर मांडून पुजायचा दिवस. त्यांच्याकडे पाटावर वर्षानुवर्षं ठरलेली मंडळी असतात: ताईची भाजी चिरायची पावशी, शिवणाची कात्री, भाऊजींचा पाना आणि पकड, परसातला विळा. त्या वर्षी भाऊजी भक्तिभावाने आतून कापडाची एक गुंडाळी घेऊन आले आणि चाकू ओळीने मांडू लागले. ताईच्या हातात हळदी-कुंकवाचा करंडा. पहिल्याला बोट लावलं, दुसऱ्याला लावलं, तिसऱ्यापाशी बोट थांबलं.

"अहो, हे पाच कुठून आले?"

"पाच नाहीत. एकच आहे."

"मले मोजता येते."

"म्हणजे प्रकार एकच आहे. नग पाच आहेत."

ताईने उरलेल्यांना कुंकू लावलं, कारण सणाच्या दिवशी देवाच्या पाटावर बसलेल्याला वगळायचं नसतं. चौकशी जेवणानंतर झाली. मी दसऱ्यासाठी नागपूरहून आलो होतो, त्यामुळे मला साक्षीदार म्हणून बसवण्यात आलं.

भाऊजींची पहिली सबब सरळ होती. मुळात चाकू एकच होता आणि तो विमानतळावर तपासणीत गेला. हातातल्या पिशवीत राहून गेला होता, नियमाप्रमाणे काढून घेतला, त्यांची तक्रार नव्हती. पण विमानात बसल्यावर खिडकीबाहेर ढग दिसत होते आणि त्यांना डोळ्यांपुढे ती पिवळी मूठ दिसत होती. घरी येऊन त्यांनी तोच मागवला, आणि त्याच झटक्यात अजून एक. का, तर म्हणे वस्तू एकच असली की माणूस तिच्यावर पहारा करतो. दोन असल्या की ती वापरतो. हे मला पटलं. ताईचीही मान किंचित हलली असावी, पण तिने ती कबूल केली नाही.

अडचण त्यानंतर सुरू होते. दुसरा घरात आहे ह्या बळावर भाऊजींनी पहिला मोकळेपणाने वापरायला घेतला. खिंडसी तलावाच्या काठावर त्याने काकड्या कापल्या, शेतावर रोडग्यांच्या वेळी वांगी चिरली, गच्चीत दोऱ्या तोडल्या. वर्षभरात मुठीला हाताचं तेल मुरून तिचा रंग मधाकडे गेला. पात्यावर डाग पडले, ते कोणत्या दिवशीचे हे भाऊजींना ठाऊक. आता हा चाकू हरवला तर? हा तर कुठल्या दुकानात मिळायचा नाही. म्हणून तो कामातून काढला. दुसरा काढावा तर तो कोरा करकरीत, त्याच्यावर पहिला ओरखडा कोण ओढणार? म्हणून कामाला तिसरा आला. कामाला लागलेला चाकू जुना होतो, जुना झाला की जिवाचा होतो, आणि जिवाची वस्तू कामाला कोण लावतो? मी तिथल्या तिथे हिशेब मांडून पाहिला. ह्या हिशेबाला अंत नाही. हा माणूस पाचावर थांबला आहे म्हणजे तो संयमीच म्हटला पाहिजे.

ताईला हे वेदान्त वाटलं. "सरळ सांगा ना," ती म्हणाली.

मग भाऊजी हवामानावर आले. इथे मात्र त्यांची बाजू भक्कम होती. ही मूठ लाकडाची, पातं मिटतं ते लाकडाच्याच खाचेत. युरोपच्या हवेत ठीक. आपल्याकडे जुलैत झड लागली की लाकूड फुगतं आणि पात्याला असं धरतं की नखाने ओढून नख जायची वेळ येते. त्यावर सावोयचेच लोक एक युक्ती करतात, मुठीचं टोक टेबलावर ठोकायचं, पात्याची पाठ खाचेतून थोडी वर येते. भाऊजी ते ओट्यावर ठोकतात, त्यावरून वेगळा तंटा आहे. मे महिन्यात उलटी तऱ्हा. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की लाकूड आक्रसतं आणि पातं खुळखुळतं. तेव्हा एक पावसाळ्याचा, एक उन्हाळ्याचा.

"आणि हिवाळ्याचा?"

"हिवाळ्यात सगळेच चालतात," भाऊजी म्हणाले, आणि गप्प बसले, कारण ह्या उत्तराने बाजू कमजोर झाली हे त्यांच्याही लक्षात आलं.

पोलादाचंही एक प्रकरण आहे. हा चाकू न गंजणाऱ्या पोलादातही मिळतो. भाऊजी तो घेत नाहीत. त्यांना साधं कार्बन पोलाद हवं. त्याला धार लवकर लागते, गंजही लवकर लागतो. ओला ठेवला की सकाळी तांबडे ठिपके. त्याच्यावर उपाय म्हणजे पात्याला आंबट पाजायचं. लिंबू, कैरी, संत्रं कापत राहिलं की पातं हळूहळू निळसर-करडं होतं, आणि तो थर बसला की तांबडा गंज जरा लांब राहतो. तेव्हा आमच्या घरात, म्हणजे ताईच्या घरात, जगाच्या पाठीवर कुठे होत नसेल असं एक काम हिवाळ्यात चालतं: नागपुरी संत्रं चाकूने कापतात. संत्र्याला चाकू लागत नाही, पण चाकूला संत्रं लागतं. नवीन पातं आलं की भाऊजी संत्र्याची आडवी चकती काढतात, रस पात्यावर तसाच ठेवतात आणि रंग चढताना बघत बसतात. आधी पिवळट, मग जांभळी झाक, मग पावसाळी आभाळाचा रंग. ती चकती नंतर कोणी खात नाही. लोखंडाची चव येते.

एवढं सगळं करून हा चाकू न्यायचा कुठे? बाहेर वापरायचा चाकू म्हणजे बाहेर हवं. रामटेकचं बाहेर म्हणजे पेंचचं जंगल. सिल्लारीचं गेट तालुक्यातच आहे. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, आणि त्यात शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात बंदूक, धनुष्यबाण, जाळं, विष ह्यांच्याबरोबर चाकूही मांडलेला आहे; अभयारण्यात तो लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. म्हणजे रानासाठी घडलेला चाकू, आणि रान नेमकं त्याला बंद. वाघाला नखं घेऊन फिरायला परवानगी आहे, भाऊजींना नाही. ते कायदा पाळणारे आहेत, चाकू घरी ठेवून जातात आणि सफारीत दर दहा मिनिटांनी खिसा चाचपतात.

गडावरही नेत नाहीत. तिथे वानरं आहेत, आणि ती पिशवीतल्या वस्तूंची चौकशी स्वतः करतात. माकडाच्या हाती कोलीत दिलं तर काय होतं ते म्हणीत आहे. चाकूचा अनुभव अजून कोणी म्हणीत बसवलेला नाही आणि त्याची सुरुवात आपल्यापासून होऊ नये असं भाऊजींचं म्हणणं.

शस्त्रांच्या नियमांचीही त्यांनी नीट चौकशी केलेली आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असलं तर ते शस्त्रांत जमा, घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून. २०१८ साली औरंगाबादेत पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पकडले, त्या बातमीचं पान ताईने घडी करून भाऊजींच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलं होतं. त्यावर त्यांनी पट्टी आणून चाकू मोजला. साडेतीन इंचांच्या आतच होता. मग त्यांनी उरलेले चारही मोजले. एकाच साच्यातले आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण मोजायला निमित्त मिळालं की माणूस सोडत नाही.

ताईचं खरं म्हणणं पैशाबद्दल नव्हतं. तिला एकाच वस्तूच्या पाच नगांचा राग होता. "पाच वेगळे असते तर मी बोलली नसती," ती म्हणाली. तेव्हा भाऊजी उठले आणि स्वैपाकघराच्या फळीकडे बोट केलं. फळीवर स्टीलच्या वाट्या होत्या. एकसारख्या बारा. बुडाशी ताईचं आणि भाऊजींचं नाव कोरलेलं, शिवाय लग्नाची तारीख.

"ह्या?"

"तो सेट आहे. पंगतीले लागतात."

"शेवटची पंगत केव्हा झाली?"

ताई विचारात पडली. मुलीच्या बारशाची तिला आठवली असावी, आणि ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते. "होईल," ती म्हणाली.

मला त्या 'होईल'पुढे भाऊजींची सगळी वकिली फिकी वाटली. ज्या घरात बारा वाट्या आहेत तिथे केव्हाही बारा माणसं जेवायला बसू शकतात. ती बसतीलच असं नाही. ज्याच्याकडे चाकू आहे तो उद्या पहाटे उठून रानात जाऊ शकतो. ज्याच्याकडे पाच आहेत तो पाच पहाटे उठू शकतो. भाऊजी सात वाजता उठतात, तो भाग वेगळा.

एक सबब त्यांनी घाबरत घाबरत सांगितली, कारण ती जरा भित्री आहे: कंपनीने हा करायचाच बंद केला तर? ही भीती चाकूवाल्यांत जगभर आहे, आणि अगदीच अनाठायी नाही. चांगली चालणारी वस्तू कंपन्या 'सुधारतात'. मूठ प्लास्टिकची करतात, पोलाद बदलतात, कारखाना दुसऱ्या देशात नेतात. ओपिनेल १८९० पासून चालू आहे आणि भाऊजींनंतरही चालेल असं मी म्हटलं. "अकरा नंबर बंद केला ना," ते म्हणाले. ज्या तपशिलाने त्यांना गोत्यात आणलं होतं, तोच त्यांनी आता ढालीसारखा पुढे धरला.

ह्या भीतीचं मला आश्चर्य वाटत नाही, पण ती नवी आहे. आपल्या आजोबांना ती नव्हती. असू शकत नव्हती, कारण तेव्हा 'तोच' असा काही प्रकारच नव्हता. ताईच्या पावशीवरून हे माझ्या ध्यानात आलं. पावशी तिच्या सासूची. सासूनेही ती वापरूनच दिलेली. दर वर्षी पाजवून पाजवून तिचं पातं मधोमध इतकं आत गेलं आहे की सरळ काकडी ठेवली तर बाजूने उजेड दिसतो. बाजारात लोहार बसतात त्यांच्याकडे ताई ती घेऊन गेली, मी पिशवी धरायला बरोबर. लोहार तरुण होता. त्याच्यापुढे विळे, कोयते, कुदळीची पाती पसरलेली, बाजूला ट्रकच्या कमानीच्या पाट्यांचे तुकडे. हल्ली बहुतेकांचा कच्चा माल तोच. वर्षानुवर्षं ट्रकचा भार सोसलेलं पोलाद. तापवून, ठोकून, पाणी दिलं की विळ्यालाही तो चिवटपणा येतो.

ताई म्हणाली, "अशीच एक करून पाहिजे."

त्याने पावशी हातात घेतली, अंगठा धारेवरून आडवा नेऊन पाहिला, पात्याची झीज उजेडात धरली. "दुसरी करून देतो बाई. चांगली करतो."

"दुसरी नाही. अशीच."

"अशी कशी होईल? हे घासून घासून झाली अशी. मी नवीन बनवीन, मग तुम्ही वापरा तीस वर्षं."

ताईने नवीन करायला टाकली. ती चांगली झाली, रुंद पात्याची, दणदणीत. फळीखाली ठेवलेली आहे. भाजी जुनीवरच चिरली जाते. हे मी भाऊजींना अजून सांगितलेलं नाही. ते ह्या गोष्टीचा पुरावा म्हणून वापर करतील, आणि मला जेवायला तिच्याकडेच जायचं असतं.

लोहाराच्या हातून दोन विळे सारखे निघत नाहीत. त्याला सारखे करायचेही नसतात. उजव्या हाताने कापणाऱ्याचा वेगळा, डावखुऱ्याचा वेगळा, धान कापायचा दातेरी, गवताचा सपाट धारेचा. शेतकऱ्याच्या घरी चार विळे असतात ते चार माणसं कापणीला जातात म्हणून, किंवा एक पाजवायला टाकला असताना हात रिकामा राहू नये म्हणून. त्यातला एखादा हातात बसलेला असतो आणि त्यावरून भांडणं होतात. पण तो मोडला तर तोच पुन्हा आणू असं कोणाच्या मनात येत नाही. तो गेला.

कारखान्याने ही सोय केली. दोन वस्तू जन्मतः इतक्या सारख्या की आईलाही ओळखू येऊ नयेत. मग एक कामाला लावायची आणि एक कपाटात. भाऊजींच्या गुंडाळीतले पहिला आणि दुसरा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकाची मूठ गडद, कडीवरची झिलई उडालेली, पातं करडं. दगडावर घासून घासून त्याची रुंदी केसभर कमी झाली आहे, आणि टोक एकदा मोडल्यामुळे नव्याने काढलेलं, किंचित आखूड. दुसरा जसा आला तसा. एकटा पहिला पाहिला असता तर मी म्हटलं असतं, जुना चाकू आहे. दुसऱ्याच्या शेजारी ठेवल्यावर मात्र त्याने काय काय केलं ते एकेक दिसायला लागलं. इतकी काकडी, इतकी संत्री, इतक्या संध्याकाळी. कपाटातला तो जादा नग नाहीच. तो पहिल्याचाच लहानपणचा फोटो आहे. माणसांची ही सोय झालेली नाही. भाऊजी आता सत्तरीकडे चालले आहेत, त्यांच्यासारखे अजून एक कोऱ्या डब्यात कुठे ठेवलेले नाहीत, आणि ताईला ही गोष्ट माझ्याआधी कळलेली असावी, कारण तिने ती पाचांची गुंडाळी स्वतःच्या साड्यांच्या कपाटात, कोरड्या जागी ठेवायला परवानगी दिली आहे. वर डांबरगोळ्या. चाकूला कसर लागत नाही हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

भाऊजींनी हुकमाचं पान मात्र गडावर टाकलं. आम्ही तिघे चढून गेलो होतो, कार्तिकाच्या आधी, त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत. तिथे नरसिंहाची दोन देवळं आहेत, एक केवल नरसिंह, एक रुद्र नरसिंह. दोन्ही वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकाच्या आसपासची, एकाच डोंगरावर, एकमेकांपासून फार दूर नाहीत. दोन्हींत भला मोठा नरसिंह, एक गुडघा उभा करून ऐसपैस बसलेला, हातात चक्र. केवल नरसिंहाच्या भिंतीवर चुन्याच्या थराखाली त्या काळातला लेख सापडला, तो प्रभावतीगुप्तेच्या कुटुंबाशी जोडला जातो. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून, नवरा गेल्यावर मुलाच्या नावाने राज्य चालवणारी. तिच्या एका ताम्रपटात रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्याच, स्वामीच्या पायांपासून दान दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे बाई हिशेबाच्या होत्या.

"एवढी हुशार बाई," भाऊजी म्हणाले, "तिच्या घराण्याच्या राज्यात एका डोंगरावर एकाच देवाची दोन देवळं. एकसारखी. कायले?"

ताई म्हणाली, "देवाची थट्टा करू नका."

"थट्टा नाही. एक रोजचा, एक राखीव."

मी दोन्ही मूर्ती पुन्हा पाहून आलो. एकसारख्या म्हणाव्यात तर आहेत. पण छिन्नी हाताने चाललेली आहे. एकाची मान थोडी जास्त वळलेली वाटते, एकाचं अंग जरा जड. पंधराशे वर्षांत दोन्ही आपापल्या परीने झिजल्या, तेल-शेंदूर पचवून बसल्या. इथे कपाटातला नग कोणताच नाही. दोघांनाही उन्हापावसात बसावं लागलं आणि दोघांचीही पूजा झाली. भाऊजींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही वापरले. तेच तर मी म्हणून राहिलो." त्यांच्याशी वाद घालणं अवघड आहे. ते हरले तरी एक मुद्दा शिल्लक ठेवतात.

एक काम ह्या पाचांतल्या एकाचं ठरलेलं आहे, मागायला येणाऱ्याला द्यायचं. कोणी सहलीला निघालं, कोणाला शेतावर जायचं असलं की 'तुमचा तो चाकू द्या हो' म्हणून लोक येतात. त्यासाठी भाऊजींनी पाचवा घेतला. पण मागायला कोणी आलं की ते आत जातात, गुंडाळी उघडतात, पाचवा हातात घेतात, टक्‌ टक्‌ करून पाहतात, परत ठेवतात आणि ताईची भाजीची सुरी कागदात गुंडाळून देतात. ताईच्या आतापर्यंत तीन सुऱ्या अशा गेल्या. त्या परत येत नाहीत. ताई त्याच घेते, हिरव्या मुठीच्या, बाजारातून, डझनाच्या भावाने.

परवा भाची ऑफिसच्या कामाने स्वित्झर्लंडला जाऊन आली. बापाचा छंद तिला माहीत. तिने तिथून लाल मुठीचा प्रसिद्ध स्विस चाकू आणला, व्हिक्टोरिनॉक्सचा, सामानाच्या मोठ्या बॅगेत घालून, रीतसर. कार्ल एल्सनर नावाच्या माणसाने १८९१ साली स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त कामांचा चाकू केला, ही त्याचीच पुढची पिढी. त्यात दोन पाती, कात्री, करवत, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, दात कोरायची काडीसुद्धा. ताईला तो फार आवडला. हा एकच घेतला असता तर पाच लागले नसते असं ती म्हणाली. भाऊजींनी प्रत्येक अवजार उघडून मिटून पाहिलं, लाल मुठीवरून अंगठा फिरवला, चाकू खिशात घातला, काढला, टेबलावर ठेवला, आणि तो दिसेल अशा बेताने खुर्ची ओढून बसले. जेवतानाही त्यांची नजर तिकडेच. रात्री मुलीचा पुण्याहून फोन आला तेव्हा ते फार प्रेमाने बोलले.

"खूप सुंदर आहे गं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "पण एकच आणला?"